कवडूजींनी तोडायला लावलेलं झाड

मोहगावच्या अलीकडे जे छोटं गाव लागतं, तिथं संत्र्याच्या झाडाला काही झालं की लोक आधी कवडूजी कळंब्यांना विचारायचे. साठी ओलांडलेला, उंच, काटक माणूस. झाडाखाली उकिडवे बसायचे, पान चुरगाळून नाकाशी न्यायचे, फांदीची साल नखानं खरवडायचे आणि मग सांगायचे, पाणी तोडा, किंवा खत द्या, किंवा राहू द्या, आपोआप सुधरते. बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं. त्यामुळे "कवडूजी म्हणून राहिले" एवढं कोणी बोललं की पुढची चर्चा बंद होत असे.

माणूस वाईट नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्याकडे बैल नाही त्याच्या अडलेल्या वखरणीला स्वतःची जोडी देणारा होता. शेजारच्या शेतातल्या लीलाबाई सोमकुवरांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांना ट्रॅक्टरवर घालून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात त्यांनीच पोचवलं होतं. "मी कधी कोणाशी जातीचा भेद केला नाही," असं ते सहज म्हणायचे, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

लीलाबाईंचा मुलगा मधुकर. त्याचं शेत कवडूजींच्या शेताला लागून, पण उताराला. मध्ये धुरा, म्हणजे दोन शेतांमधला उंच बांध. धुऱ्याच्या मधुकरकडच्या अंगाला संत्र्याचं एकच झाड होतं. लीलाबाई तरुणपणी वरूडकडच्या रोपवाटिकेत कलमं बांधायला जायच्या. तिथं वाकडं निघालं म्हणून टाकून दिलेलं एक कलम त्या पदराखाली घेऊन आल्या आणि धुऱ्यावर लावलं. ते वाकडंच वाढलं, पण वाढलं. मधुकर शेतात कापूस आणि तूर घेई. संत्र्याचं म्हणाल तर हे एवढंच. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची फळं उतरली की लीलाबाई टोपली घेऊन घरोघर वाटायच्या. त्या गेल्यावर मधुकरची बायको इंदू वाटू लागली. कवडूजींच्या घरीही टोपली यायची. बागवाल्याच्या घरी संत्री घेऊन येते म्हणून कवडूजी हसायचे, पण ती खायचे. आपल्या बागेतल्यापेक्षा गोड आहेत, हे फक्त बायकोला, कलाबाईला सांगायचे.

धुऱ्याला लागून असलेल्या काळ्या जमिनीत कवडूजींनी नवा बगीचा लावला. आधी तिथं कापूस होता. रोपं उंच, तजेलदार, बघण्यासारखी होती. वादळात पडू नयेत म्हणून त्यांनी खड्डे खोल घेतले, रोपं खोल बसवली आणि बुडाशी मातीचा ढीग लावला. विहिरीचं पाणी मोकळं सोडायचे. या ओळीतून त्या ओळीत ते बुडांना धुवत जायचं. बगीचा असा वाढला की पांढुर्ण्याचे पाहुणे मुद्दाम बघायला यायचे.

फळ धरायच्या वयाला आल्यावर झाडं बिघडली. पावसाळ्यात एका झाडाची पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या ठळक दिसू लागल्या. मग बुडाशी साल तडकली आणि डिंक वाहू लागला. ते झाड वाळलं. मग त्याच्या बाजूचं. डिंक्या रोग कवडूजींना माहीत होता, पण तो दुसऱ्यांच्या बागेत होणारा रोग होता. त्यांनी दवाई फवारली, खत वाढवलं, पाणीही वाढवलं. झाडं जातच राहिली.

एका सकाळी धुऱ्यावर उभे असताना त्यांची नजर लीलाबाईंच्या झाडाकडे गेली. वाकड्या खोडावर डिंकाचे ओघळ होते. काही जुने, वाळून काचेच्या मण्यांसारखे झालेले. काही ताजे, मधासारखे. कवडूजी बराच वेळ बघत उभे राहिले. आणि त्यांना बरं वाटलं. रोग कुठून आला ते सापडलं होतं. तो त्यांच्या हातून आला नव्हता.

"मधुकर," त्यांनी खाली तुरीत काम करणाऱ्या मधुकरला हाक मारली, "हे झाड तोड. याचा रोग माह्या बगीच्यात येऊन राहिला."

मधुकर वर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं खोडावरून हात फिरवला. "हे तर असंच डिंक सोडते जी, पावसात. मरत तर नाही."

"मरत नाही अन् दुसऱ्यायले मारते."

"मायनं लावलेलं आहे, कवडूजी."

"तुह्या मायचं आहे म्हणून माही झाडं मरू देऊ काय?"

मधुकर पुन्हा तुरीत उतरला, पण झाड त्यानं तोडलं नाही. भादव्यात शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा भरली, तेव्हा कवडूजींनी विषय काढला. सरपंच म्हणाले, दोघांनी आपसात बघा. सचिव म्हणाले, झाड मधुकरच्या हद्दीत आहे. तेव्हा कवडूजी उठून उभे राहिले. गावानं आपलं ऐकावं अशी त्यांना सवय होती, आणि त्या दिवशी कोणी पटकन मान डोलावत नव्हतं. ते चिडले.

"मी खाली-पिली नाही सांगून राहिलो," ते म्हणाले. "माह्या बगीच्यात एवढी वर्षं काही नव्हतं. रोग तिकडूनच येते. घाण तिकडूनच येते."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. खांबाजवळ मधुकर बसला होता, बायकांमध्ये इंदू होती. ती अंगणवाडीत मदतनीस असल्यानं सभेला नेहमी असायची. तिनं कवडूजींकडे सरळ पाहिलं. कवडूजींनी मान वळवली आणि सचिवाकडे बघत राहिले.

मधुकर उठला. "उद्या तोडतो," एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकट्यानंच कुऱ्हाड चालवली. कवडूजी आपल्या बागेतून बघत होते. फांद्यांवर हिरवी फळं होती. झाड पडल्यावर कवडूजी धुऱ्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "लाकडं इथं ठेवू नको. जाळावं लागते. मी नेतो." मधुकरनं कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि मागं न पाहता उतरून गेला. खोडाचे तुकडे कवडूजींच्या घरी आले. त्यांनी कलाबाईला ते चुलीत घालायला सांगितलं. ती बरं म्हणाली, पण तिनं ते जाळले नाहीत. गोठ्यामागं तुऱ्हाट्यांच्या, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या आड रचून ठेवले.

"फळाचं झाड आहे," कवडूजींनी एकदा विचारल्यावर ती म्हणाली. "माह्याच्यानं नाही होत."

झाड गेलं, पण बागेतली झाडं मरायची थांबली नाहीत. दसऱ्यापर्यंत आणखी काही वाळली. लोकांनी विचारलं तर कवडूजी सांगायचे, रोग मातीत उरला असेल, हळूहळू जाईल. असं सांगताना त्यांचा आवाज पूर्वीइतका ठाम राहिला नव्हता.

दिवाळीला प्रणाली घरी आली. ही त्यांची धाकटी मुलगी, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. झाडांचे रोग हाच तिचा अभ्यासाचा विषय. कवडूजींनी तिला शिकायला पाठवलं होतं मोठ्या हौसेनं, पण बागेचं तिला काही विचारायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. या वेळी त्यांनी फोनवरही रोगाचा शब्द काढला नव्हता. ती गोठ्यामागं सरपण घ्यायला गेली आणि हातात खोडाचा तुकडा घेऊनच परत आली.

"बाबा, हे कोणतं झाड?"

"मधुकरच्या धुऱ्यावरचं. डिंक्या होता त्याले. त्याच्यानंच आपला बगीचा गेला."

प्रणाली अंगणात बसली आणि विळ्यानं साल सोलू लागली. सालीखाली तपकिरी, मेलेला डाग होता, तळहाताएवढा. त्याच्याभोवती गडद रेघ. रेघेच्या बाहेर लाकूड स्वच्छ, पिवळसर, आणि डागाच्या कडेनं नव्या लाकडाची जाड घडी आत वळलेली, जखमेवर मांस भरून यावं तशी. तिनं दुसरा तुकडा सोलला. तिथंही तसंच.

"हे झाड मरून नव्हतं राहिलं, बाबा," ती म्हणाली. "हे लढून राहिलं होतं. आणि जिंकलं होतं."

"डिंक वाहत होता खोडावर. मी माह्या डोळ्यानं पाहिलं."

"डिंक म्हणजे रोग नाही. डिंक झाड सोडते, रोगाले अडवायला." तिनं तो डाग बोटानं दाखवला. "आपल्याले ताप आला तर रक्तातून शिपाई धावतात. झाडाले रक्त नाही, पळताही येत नाही. ज्या पेशीवर हल्ला झाला तिलाच लढावं लागते. जंतू शिरला की ती त्याले ओळखते, आपली भिंत जाड करते, विष तयार करते. तेवढ्यानं नाही भागलं तर आजूबाजूच्या पेशी स्वतःहून मरून जातात. जंतू पुढं जाऊ नये म्हणून जागा ओस पाडायची. हा डाग दिसते ना, ते झाडानं स्वतःच मारलेलं आपलं अंग आहे. मग फटींत डिंक भरते, बाहेरून नवीन लाकूड चढवते. आणि रसातून बाकीच्या फांद्यायले निरोप जाते, हल्ला आहे, तयार राहा. पुढच्या वेळी झाड लवकर जागं होते."

कवडूजींनी तुकडा हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी डिंक पाहिला होता आणि डिंक म्हणजे मरण असंच सांगितलं होतं.

"मग आपली झाडं काऊन नाही लढली?" त्यांनी विचारलं.

"चला, पाहू."

बागेत गेल्यावर प्रणालीनं एका पिवळ्या झाडाच्या बुडाशी खुरपीनं माती उकरली. उकरत गेली. बरंच खाली गेल्यावर खुंट आणि कलम यांचा जोड लागला. त्यावरची साल काळी, मऊ झाली होती. बोटानं ओढली की सुटून येत होती आणि कुजका वास येत होता.

"खाली जंबेरी लिंबाचा खुंट आहे, वर संत्र्याचा डोळा," ती म्हणाली. "जंबेरीची साल या रोगाले बऱ्यापैकी टक्कर देते, संत्र्याची नाही देऊ शकत. म्हणून जोड जमिनीच्या वर वीतभर तरी पायजे. आपण तो गाडला. वरून माती लावली. आणि हा जंतू राहते ओल्या मातीत, पाण्यात पोहत जाते. मोकळं पाणी सोडलं की त्याले रस्ताच मिळते, या झाडापासून त्या झाडापर्यंत. त्यात मुळं पाण्यात बुडून श्वास कोंडलेला. असं झाड काय लढणार?"

"वादळात पडू नये म्हणून लावलं होतं खोल," कवडूजी म्हणाले. त्यांनाच ते फार बारीक आवाजात ऐकू आलं.

प्रणाली उठली आणि ओळीच्या टोकाशी, धुऱ्यापाशी गेली. धुऱ्याला एका जागी खाच पडली होती, जास्तीचं पाणी बाहेर जावं म्हणून कवडूजींनीच फोडलेली. खाचेच्या पलीकडे लगेच लीलाबाईंच्या झाडाचा बुंधा होता.

"बाबा, पाणी कोणीकडून कोणीकडे जाते?"

प्रश्न अवघड नव्हता. शेतात चालायला शिकल्यापासून कवडूजींना त्याचं उत्तर माहीत होतं. त्यांचं शेत वर, मधुकरचं खाली. पाणी कधीच वर चढलं नव्हतं.

"आपल्याकडून," ते म्हणाले.

आपल्या बागेतला रोग पाण्याबरोबर खाली गेला होता, पावसाळ्यामागून पावसाळे त्या वाकड्या झाडावर येऊन आदळत होता. ते झाड उंच धुऱ्यावर मोकळ्या हवेत, जोड वर ठेवून उभं होतं, प्रत्येक वेळी त्यानं तो अडवला होता. आणि अडवताना खोडावर जे दिसलं त्याचाच कवडूजींनी पुरावा केला होता. त्यांना झाड आठवलं नाही. आठवला तो वऱ्हांडा, आणि स्वतःचा चढलेला आवाज.

"हे गावात सांगू नको," ते म्हणाले.

प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं. ती लहानपणापासून असं पाहायची, काही मागायचं असलं की. या वेळी तिनं काही मागितलं नाही. "नाही सांगत," म्हणाली आणि खुरपी धुवायला गेली.

सुट्टी संपेपर्यंत बापलेकीनं मिळून बुडाची माती काढली, जोड मोकळे केले. कुजलेली साल तासून मोरचूद आणि चुन्याचा मलम लावला. खोडाभोवती एक कोरडं कडं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं दुसरं कडं, अशी आळी केली, म्हणजे पाणी खोडाला शिवणार नाही. कवडूजींनी धुऱ्याची खाच बुजवली आणि पाण्याला बागेच्या कडेनं नाल्याकडे वळण दिलं. खाच बुजवताना समोर कापलेला बुंधा होता. पलीकडे मधुकर कापूस वेचत होता. त्यानं वर पाहिलं. कवडूजींनी फावडं जोरात चालवलं, काम घाईचं असल्यासारखं.

उन्हाळ्यानंतर बाग सावरली. वाचलेल्या झाडांना नवी पालवी फुटली. आणि मग जे झालं त्याची कवडूजींनी कल्पना केली नव्हती. लोक त्यांचं कौतुक करू लागले.

"पाहा, ते झाड गेलं अन् बगीचा सुधरला," पारावर कोणी म्हणायचं. "कवडूजीनं बरोबर ओळखलं होतं." कवडूजी ऐकायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पारावर जाणं मात्र कमी झालं. मधुकरच्या घरावरून जाणारा रस्ता सोडून ते मागच्या पांदणीनं, गाडीवाटेनं शेतात जाऊ लागले, चिखल असला तरी. संत्री जेवणानंतर ताटात आली की उठून हात धुवायचे. कलाबाई बघायची. एकदा ती म्हणाली, "टोपली नाही आली औंदा." ते म्हणाले, "कुठून येईल?"

मग प्रफुल्ल आला. हा त्यांचा पुतण्या, तिशीतला, नव्यानं बाग लावलेला. त्याच्या शेताला लागून मधुकरच्या चुलतभावाची, अतुलची लिंबाची झाडं होती. अतुल बोरगावला कारखान्यात कामाला जायचा. लिंबं हीच त्याच्या शेतातली कमाई.

"काका, अतुलच्या लिंबायच्या खोडाले डिंक आहे," प्रफुल्ल म्हणाला. "उद्या ग्रामसभा आहे. मी विषय काढून राहिलो. तुम्ही फक्त उभे राहून सांगा. तुमचं ऐकते गाव."

"आधी तुह्या झाडायची बुडं पाहू दे."

"बुडाचं काय पाहायचं? तुम्हीच तर सांगतलं होतं, रोग तिकडूनच येते."

त्याला तो शब्दही आठवत होता. कवडूजींनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात तेच लोक होते. प्रफुल्लनं विषय मांडला आणि काकांकडे बोट केलं. अतुल कामावर गेला होता. त्याच्या वतीनं मधुकर आला होता, त्याच खांबापाशी बसलेला. कवडूजी उठले.

"लिंबं तोडू नका," ते म्हणाले. "डिंक दिसला म्हणजे रोग तिथून आला असं नाही. माहंच चुकलं होतं. मधुकरच्या झाडाले रोग माह्या बगीच्यातून गेला होता, पाण्यानं. माही झाडं मी खोल लावली, मोकळं पाणी सोडलं, म्हणून मेली. बगीचा सुधरला तो बुडं मोकळी केल्यानं. त्या झाडाचा काही दोष नव्हता. ते रोगाले अडवून राहिलं होतं अन् मी ते तोडायले लावलं."

वऱ्हांड्यात कुजबुज झाली. प्रफुल्लचा चेहरा पडला. सरपंच घाईनं म्हणाले, "असू द्या कवडूजी, माणसाच्या हातून होते. मोठेपणा आहे तुमचा." दोघाचौघांनी माना डोलावल्या. कवडूजींनाही क्षणभर हलकं वाटलं. संपलं, असं वाटलं.

सभा मोडल्यावर ते मधुकरपाशी गेले. "मधुकर, झाड तर परत येत नाही. पण मी सांगतलं, सगळ्यायसमोर."

मधुकरनं चपलेत पाय घालता घालता त्यांच्याकडे पाहिलं. "झाडाचं सांगतलं," तो म्हणाला. "चांगलं केलं. अतुलची लिंबं वाचली." मग म्हणाला, "त्या शब्दाचं नाही सांगतलं."

"कोणत्या?"

ते विचारायला नको होतं, हे कवडूजींना विचारतानाच कळलं होतं. मधुकर निघून गेला आणि ते पायरीवर उभे राहिले. सरपंच मोठेपणा म्हणाले ते त्यांनी खुशीनं घेतलं होतं, हे आठवून त्यांना स्वतःचीच किळस आली.

कलाबाईला त्यांनी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "पोरीलेही, दिवाळीत आली तेव्हा. तुम्हालेच वाटलं, तुम्ही झाडाबद्दल बोलून राहिले."

सकाळी ते पांदणीनं न जाता रस्त्यानं मधुकरच्या घरी गेले. मधुकर शेतात गेला होता. इंदू अंगणवाडीत जायला निघत होती, दाराला कडी लावत. त्यांना पाहून ती थांबली, बसा म्हणाली नाही.

"इंदूबाई," कवडूजी अंगणातच उभे राहून म्हणाले, "त्या दिवशी मी घाण म्हणलं. ते झाडाबद्दल नव्हतं. तुमच्याबद्दल होतं." आयुष्यभर आपण भेद करत नाही असं समजून जगलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून ऐकू आलं होतं. ट्रॅक्टरवरून लीलाबाईंना नेल्याचं इथं सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. आणि ते मनात आल्याचीही लाज वाटली.

इंदूनं कडी घातली. "आमाले त्या दिवशीच माहीत होतं कोणाबद्दल होतं ते," ती म्हणाली. "माह्या पोरीनं कोणाकडून तरी ऐकलं अन् घरी येऊन विचारलं होतं, आई, आपल्याले म्हणले काय ते? मी म्हणलं, नाही, झाडाले म्हणले. तिले खोटं सांगावं लागलं मले."

इंदूनं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"इथं अंगणात सांगून काय होते?" इंदू म्हणाली. "म्हणलं होतं तिथं सांगा." आणि ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. मुलं वाट बघत असतील, असं काहीतरी ती जाता जाता म्हणाली.

पुढची सभा पावसाळ्यात भरली. विषय रस्त्याचा आणि हापशीचा होता. शेवटी सरपंचांनी आणखी कोणाला काही, असं विचारलं, तेव्हा कवडूजी उठले. या वेळी कोणी त्यांना बोलावलं नव्हतं.

"दोन वर्षांआधी भादव्यात याच जागी मी म्हणलो होतो, घाण तिकडूनच येते. तो शब्द मी मधुकर अन् त्याच्या घरच्यायले, त्यायच्या जातीले लावला होता. झाडाचं नाव पुढं केलं होतं. माह्या मनात ते होतं म्हणूनच तोंडात आलं. मी चुकलो. माफ करा असं म्हणायची माही लायकी नाही, पण सांगणं लागते."

या वेळी मोठेपणा कोणी म्हटलं नाही. "जाऊ द्या ना जी, कशाले जुनं उकरता," एकजण कुरकुरला. कोणी खोकलं. प्रफुल्ल उठून बाहेर गेला; घराण्याची अब्रू घालवली म्हणून तो पुढं कित्येक महिने काकांशी बोलला नाही. भाऊबंदांपैकी काहींनी येणंजाणं कमी केलं. मधुकर ऐकत होता. त्यानं मान हलवली, होकाराची म्हणा, ऐकल्याची म्हणा. इंदू बायकांमध्ये बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि सचिवाला विचारलं, हापशीचं काम कधी सुरू होणार.

आता लोक कवडूजींना पूर्वीसारखं विचारत नाहीत. कोणी बोलावलं तर ते जातात, पान चुरगाळत नाहीत, आधी बुडाची माती उकरतात, आणि पाणी कोणीकडे जाते ते बघतात. डिंक दिसला आणि मालक घाबरला तर सांगतात, थांबा, झाड लढून राहिलं असेल. तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं तर सगळं सांगतात, झाडाचंही आणि त्या शब्दाचंही. ऐकणारे अवघडून दुसरीकडे पाहतात. कवडूजींना ते दर वेळी तितकंच जड जातं. सवय झालेली नाही.

मधुकर धुऱ्यावर भेटला तर बोलतो, पावसाचं, तुरीचं. त्याहून पुढं नाही.

मध्यंतरी सौसरच्या बाजारात कलाबाई आणि इंदूची गाठ पडली. दोघी भाजीच्या गाड्यापाशी उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. इंदूच्या मुलीला नागपूरला शिकायला ठेवायचं होतं, प्रणाली तिथं खोली बघून देणार होती. कवडूजी दोन पावलं मागं पिशव्या धरून उभे होते. इंदू एकदाही त्यांच्याकडे वळली नाही. निघताना कलाबाईला म्हणाली, "प्रणालीले सांगा, फोन करते." आणि गर्दीतून पुढं गेली.

"चला," कलाबाई म्हणाली.

कवडूजींनी पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि तिच्या मागं चालू लागले.